गार्डकाकांचा अंगठा

पूर्णा जंक्शनवर गाड्या थांबू लागल्यापासून आमच्या शेजारच्या गार्डकाकांइतका सावध माणूस त्या गावात झाला नसेल. मालगाडीवर गार्ड म्हणून जन्म काढून ते रिटायर झाले, पण मागे वळून बघायची सवय काही गेली नाही. मी तेव्हा बँकेत क्लार्क होतो. मराठी, उर्दू आणि कामापुरती इंग्रजी लिहिणारा हा माणूस खातं उघडायला आला आणि आपण निरक्षर असल्याचं सांगून त्यानं अंगठा पुढे केला. "सही कोणबी गिरवतंय. अंगठा गिरवून दाखव म्हणावं," असं काका मला हळूच म्हणाले. शेजारधर्म म्हणून मी गप्प बसलो. खात्यात काकूंचंही नाव होतं, पण कुणी गोड बोलून त्यांना फसवू नये म्हणून काकांनी त्यांना त्याचा पत्ताच लागू दिला नव्हता. रेशनचं काम आहे असं सांगून त्यांचा अंगठा घेतला होता.

मग अंगठ्याची राखण सुरू झाली. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा झाला की काका रुमालानं ग्लास लख्ख पुसत. हॉटेलवाला म्हणे, "काका, आमी धुतो की." काका म्हणत, "धुशील, पर त्याच्या आधी कोण उचलंल?" पेपरचं पान ते करंगळीनं उलटत. एवढ्यानंही भागेना, तेव्हा ठसा उमटूच नये म्हणून त्यांनी अंगठ्याला बिब्ब्याचं तेल चोपडलं. बिब्बा उतला, फोड आले, कातडी सोलून निघाली आणि तिच्याबरोबर रेषाही गेल्या.

नेमकं त्याच आठवड्यात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. एक डोळा आधीच गेलेला. उशीर झाला तर दुसराही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पैसे काढायला बँकेत येऊन काकांनी फॉर्मवर अंगठा दाबला, तर नुसता शाईचा गोल डाग उमटला.

"मग सही करतो," काका म्हणाले.

मॅनेजर शांतपणे म्हणाले, "रेकॉर्डला तुम्ही निरक्षर आहात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाईच्या पॅडकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणालो, "काकूंना घेऊन या. त्यांचा अंगठाही चालतो."

काकूंना दिसत नव्हतं, म्हणून काकांनीच त्यांचा हात धरून अंगठा टेकवला. जन्मात कधी न जपलेल्या त्या अंगठ्याची रेघ न् रेघ उमटली.

"हे बी रेशनचं का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई. तुज्या डोळ्याचं हाय. खातं तुज्या बी नावावर हाय. लोक तुला फसवतील म्हून सांगितलं न्हवतं."

"म्हून तुमीच फसवलं व्हय?"

काकांनी रुमालानं त्यांच्या अंगठ्याची शाई पुसली. पुढे डोळा चांगला झाला. काकांनी स्वतःचा ग्लास पुसणं सोडलं, पण काकू चहाला बरोबर आल्या की त्यांचा मात्र न चुकता पुसत. काकू म्हणत, "आता मला दिसायलंय. माजं मी बघीन." तरी पुसत.

काकू गेल्या, त्यानंतर मी एकदा काकांच्या घरी गेलो होतो. त्यांना एकटं बघून मला फार वाईट वाटलं. फळीवर काकूंचा चहाचा काचेचा ग्लास होता, शेवटचा चहा प्यायलेला. मी तो धुवायला उचलू लागलो, तसं काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याच्यावर तिचा अंगठा हाय."