एकतीस नंबरची सीलबंद प्रत

चाकणच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासायचं जे खातं आहे, तिथं श्याम टिपणीस एकोणतीस वर्षं ठाण मांडून आहेत. या खात्याचा धर्म सोपा. पास झालेल्या मालाला हिरवं लेबल, अडवून ठेवलेल्याला पिवळं, परत पाठवायच्याला लाल, आणि प्रत्येक लेबलावर माल आल्याची तारीख आणि तपासणाऱ्याची सही. नवीन कुणी रुजू झालं की टिपणीस पहिल्याच दिवशी बजावतात, "मापात चूक झाली तर मी समजून घेईन. तारखेत नाही. माल ज्या दिवशी आला तीच तारीख. पुढची तारीख टाकून उशीर लपवणाऱ्याला माझ्या खात्यात जागा नाही." हे सांगताना ते जरा ताठ उभे राहतात, कारण हा नियम त्यांनी स्वतः कधी मोडलेला नाही.

ही शिस्त त्यांनी घरीही आणली होती. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरात काचेची दोन कपाटं आहेत आणि त्यांत नुसत्या सिनेमांच्या डिस्क. सिनेमेही कसले, तर जुने, कृष्णधवल, चार देशांतले, ज्यांत माणसं कमी बोलतात आणि जास्त चालतात. प्रत्येक डबीला वरून एक पारदर्शक पिशवी आणि पिशवीच्या मागे कंपनीतलंच हिरवं लेबल: आल्याची तारीख, खाली सही. मोबाइलवर समानधर्मी मंडळींचा ग्रुप होता. कुठला सिनेमा नव्यानं साफसूफ होऊन डिस्कवर येतोय, कधी येतोय, किती प्रती निघणार, याची तिथं दिवसभर चर्चा. आगाऊ मागणी नोंदवायची, मग पार्सल कुठवर आलं ते रोज चारदा बघायचं, आल्यावर फोटो टाकायचा. वाट बघण्यातच या मंडळींचा निम्मा संसार. आणि डिस्क एकदा हातात आली की पुष्कळजण तिचं सील फोडतच नसत. मोजक्या, नंबर घातलेल्या प्रतींचं सील तर मुळीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं.

"एवढे सिनेमे, पण तुम्ही बघितलेले किती?" टिपणीसांची बायको वासंती शाळेत गणित शिकवते, तिनं एकदा विचारलं होतं. टिपणीस म्हणाले होते, "रिटायर झालो की बघायचेच आहेत." त्या दोन कपाटांची धूळ पुसायचं मात्र तिनं त्या दिवसापासून सोडलं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास ग्रुपवर एक बातमी आली आणि टिपणीसांना दोन दिवस जेवण सुचेना. 'सातवा बांध' डिस्कवर येत होता. पन्नासेक वर्षांपूर्वीचा मराठी सिनेमा. एकदोन खेळ होऊन जो डब्यात गेला तो गेलाच. दिग्दर्शक वारला, रिळं हरवली, असंच सगळे धरून चालले होते. आता परदेशातल्या एका छोट्या कंपनीला एक प्रिंट सापडली होती आणि तिच्या नंबर घातलेल्या पाचशे प्रती निघणार होत्या. टिपणीसांनी त्याच मिनिटाला मागणी नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चहाच्या वेळी न राहवून सगळ्यांना सांगितलं. कुणाला त्यात काही गम्य नव्हतं. फक्त त्यांच्याच खात्यातली स्वरूपा, दोन वर्षांपूर्वी लागलेली मोशीची मुलगी, कप खाली ठेवून म्हणाली, "सर, तो आमच्या नदीवर काढलाय. माझी आज्जी आहे त्यात."

मोशी तेव्हा शेतीचं गाव होतं आणि इंद्रायणीच्या काठानं मळे होते. शूटिंगवाले आले, त्यांनी नदी उतरणारी एक खरी बाई हवी म्हणून स्वरूपाच्या आज्जीला, अंबूबाईला उभं केलं. वीस वर्षांची अंबूबाई, डोक्यावर भाकरीची पाटी, कडेवर गोदी, पहिली मुलगी. त्यानंतर दोन महिन्यांनी गोदी तापानं गेली. तिचा फोटो कुणी काढलेला नव्हता. त्या काळी गावात कोण काढणार? म्हणजे सगळ्या जगात गोदीचं तोंड कुठं उरलं असेल तर त्या सिनेमात, आणि तो सिनेमा अंबूबाईनं आयुष्यात पाहिलेला नव्हता. जमिनी गेल्या, मळ्यांच्या जागी सोसायट्या आल्या, नवरा भैरू गेला, एक डोळा काचबिंदूनं गेला. दुसऱ्यात थोडी नजर शिल्लक होती. "तेवढ्यात गोदी दिसली पायजे," असं तिनं नातीकडून सांगून पाठवलं, आणि सोबत पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा.

टिपणीसांनी शेंगांची पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "आजींना सांग, डिस्क आली की सगळ्यांत आधी मी ती मोशीला घेऊन येतो," ते म्हणाले. म्हणाले तेव्हा ते मनापासून म्हणाले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

डिस्क एकोणीस फेब्रुवारीला आली. जाड पुठ्ठ्याची डबी, वर नदीचं चित्र, कोपऱ्यात सोनेरी शाईत नंबर: एकतीस. टिपणीसांनी ती टेबलावर ठेवली, लांबून पाहिली, जवळून पाहिली. हिरवं लेबल लिहिलं. फोटो ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत तीस जणांनी कौतुक केलं. एकानं लिहिलं, "एकतीस! भावा, फोडू नको हां." पाचशे प्रती संपल्या होत्या. दुसरी छपाई निघणार असं कंपनीनं जाहीर केलं होतं, बिननंबरी, साधी. टिपणीसांनी तिचीही मागणी नोंदवून टाकली. ती उघडायची, मोशीला न्यायची, ही तशीच राहू द्यायची. महिनाभराचा तर प्रश्न, असा त्यांनी हिशेब केला आणि एकतीस नंबर कपाटात ठेवून काच सरकवली.

सोमवारी स्वरूपानं विचारलं, "सर, आली का?"

"अजून नाही," टिपणीस म्हणाले. दुसरी प्रत आली नव्हती, हे खरंच होतं.

ती छपाई एप्रिलवर गेली, मग जूनवर, मग 'लवकरच'. दर सोमवारी स्वरूपा विचारायची आणि टिपणीस तेच खरं सांगायचे. मे महिन्यात मोशीला स्वरूपाचा साखरपुडा झाला. टिपणीस सपत्नीक गेले. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या अंबूबाईनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान वाकडी करून, उरलेल्या डोळ्याच्या कडेनं त्यांना न्याहाळलं.

"निळा सदरा घातलाय तुमी. येवढं दिसतंय मला अजून. कवा येतीया ती?"

"येईल मावशी. कंपनीचा उशीर चाललाय."

शेजारी उभ्या असलेल्या वासंतीनं झटकन नवऱ्याकडं पाहिलं. परत येताना स्कूटरवर ती दोघांच्या मध्ये पर्स ठेवून बसली. त्यांना लाज वाटली. पण कपाटाची काच सरकवून ती डबी बाहेर काढावी एवढी नाही वाटली. माणसाला लाजेचीही सवय होते.

जुलैमध्ये स्वरूपा दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि टेबलावर माल मांडता मांडता म्हणाली, "आज्जीचा दुसरा डोळाही गेला सर. डॉक्टर म्हणाले, आता येणार नाही. उजेड-अंधार कळतो, बस." आणि मग, जसं काही टिपणीसांनाच वाईट वाटेल म्हणून, "तुम्ही तरी काय करणार. डिस्कच आली नाही."

दुपारी टिपणीसांनी जेवणाचा डबा उघडला तो तसाच मिटला. संध्याकाळी घरी आल्यावर चपला न काढता ते कपाटाशी गेले, एकतीस नंबर काढली आणि ब्लेडनं सील फोडलं. प्लॅस्टिकचा चुरगळा हातात धरून ते उभे राहिले. वासंती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती काहीतरी धीराचं बोलेल अशी त्यांना आशा होती.

"बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी सकाळी टिपणीस प्लेअर आणि डिस्क घेऊन मोशीला पोचले. सवयीनं डबी त्यांनी पुन्हा तिच्या पारदर्शक पिशवीत घातली होती. "परवाच आली," ते दारातच म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. खोटं बोलायचं तर त्याची तयारी तरी नीट हवी होती, तीही नव्हती.

अंबूबाईला टीव्हीसमोर बसवलं. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. नदीचा प्रसंग तासाभरानं येतो, असं डबीतल्या माहितीपत्रकात दिलं होतं. टिपणीस थेट तिथं गेले. पडद्यावर पांढरं ऊन, पाणी, बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"आमची नदी न्हाई ही," अंबूबाई म्हणाली. "आवाज येगळाय."

टिपणीसांना माहीत होतं, त्या काळी आवाज मागाहून स्टुडिओत भरत. कानानं ओळखावं असं त्या सिनेमात तिच्यासाठी काहीच नव्हतं. जे होतं ते डोळ्यांचं होतं.

"तुम्ही आहात मावशी. डोक्यावर पाटी आहे. कडेवर मूल आहे. पाण्यातून येताय," ते घाईघाईनं म्हणाले. चाळीस सेकंदांत प्रसंग संपला. अंबूबाईचा चेहरा टीव्हीकडं तसाच वळलेला राहिला.

"झालं?"

"झालं."

तिनं डोळे पुसले. "आसू द्या. तुमी लई खटपट केली माझ्यापायी. त्या कंपनीवाल्यांनी येळ लावला, त्याला तुमी काय करनार? त्यांच्या तोंडाला काळं लागलं, तुमच्या न्हाई."

टिपणीसांना खुर्चीवर बसवेना. स्वरूपानं तोवर डबी हातात घेतली होती. चित्र पाहिलं, नंबर पाहिला आणि, रोज शंभरदा करते तसं, मालाची मागची बाजू पाहिली. हिरवं लेबल. तिचा हात थांबला. ती सही तिनं झोपेतसुद्धा ओळखली असती. तारीख तर कशी लिहायची ते तिला त्यांनीच शिकवलं होतं: दिवस दोन आकडी, महिना अक्षरांत, म्हणजे कुणाला खाडाखोड करता येत नाही. एकोणीस फेब्रुवारी.

तिनं वर पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी टिपणीसांना बरं वाटलं असतं. खोक्यावर बरोबर लेबल असून आतला माल सदोष निघाला की ती जशी बघायची, तशी ती बघत होती.

"का गं गप झालीस?" अंबूबाईनं विचारलं. "काय हाय त्याच्यावर?"

"तारीख हाय, आज्जी."

"कसली?"

स्वरूपानं लेबल टिपणीसांकडं वळवलं. ती सांगणार नाही, हे टिपणीसांना कळलं. लपवणारही नाही. तिनं उत्तराची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.

"डिस्क आल्याची," टिपणीस म्हणाले. "फेब्रुवारीत आली होती मावशी. माझ्याच कपाटात होती. सील फोडलं की प्रत खराब होते म्हणून मी... दुसरी येणार होती, ती आणणार होतो. तुम्ही साखरपुड्यात विचारलंत तेव्हाही ती घरात होती."

अंबूबाईची बोटं पदराच्या काठावरून मागं-पुढं फिरत राहिली. ती आता हाकलून देईल, आणि तिनं द्यावंच, असं टिपणीसांना वाटत होतं.

"परत लावा," ती म्हणाली.

"मावशी..."

"परत लावा म्हन्ते. आन आता नीट सांगा. घाई न्हाई मला."

टिपणीसांनी प्रसंग पुन्हा लावला आणि चित्र थांबवलं. मग उठून टीव्हीशी गेले आणि चष्मा वर करून, सुट्या भागावरचा केसाएवढा चरा शोधावा तसे पडद्याला डोळे लावून उभे राहिले. हा सिनेमा त्यांनी फेब्रुवारीपासून जपला होता आणि एकदाही पाहिला नव्हता.

"पाणी तुमच्या गुडघ्याच्या वर आहे. लुगडं एका बाजूनं खोचलंय. पोरीनं तुमच्या खांद्यावरचा पदर मुठीत धरलाय. अंगात झबलं आहे, गुंडी तुटलेली. गालावर तीट आहे."

"कोनच्या?"

"उजव्या. आणि पायात वाळा आहे. एकच. डाव्या पायात."

अंबूबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. "उजवा नदीत पडला. त्याच दिशी. सासूनं लई बोलनी दिली मला." ती जरा पुढं सरकली. "तोंड इकडं हाय का तिचं?"

टिपणीसांनी चित्र दोन चौकटी पुढं नेलं. मुलीनं मान वळवली होती.

"हो. बघतेय ती."

"कुनाकडं?"

"इकडं. माझ्याकडं," टिपणीस म्हणाले. त्यांना मान खाली घालायची होती. इतके महिने घालता आली असती, घातली नव्हती. आता ती घालायची सोय उरली नव्हती, कारण त्या खोलीत म्हातारीला दुसरे डोळे नव्हते. स्वरूपा डबी मांडीवर पालथी ठेवून बसली होती.

"अजून बघती का?" अंबूबाईनं विचारलं.

"हो मावशी," टिपणीस म्हणाले. "अजून बघतेय."