न चालणारा स्कॅनर

जळगावात माझ्या फोटो स्टुडिओसमोर राहणारी पोरगी घरबसल्या ड्रायव्हर लिहिते, म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांची बोलणी जमवणारे प्रोग्रॅम. कोणी जुना प्रिंटर भंगारात काढला की ही दारात हजर. "काका, फेकू नका. मले लागीन."

मी धुळ्याहून एक जुना स्कॅनर आणला. जोडताच कॉम्प्युटर गोठला आणि उघडा असलेला लग्नाचा अल्बम गेला. तिला सांगितलं, तर ती येऊन कॉम्प्युटर तपासू लागली. "तुमच्या कॉम्प्युटरवर मीच टाकून दिलेला ड्रायव्हर आहे, काका. स्कॅनरची ओळख पटली नसताना त्याच्याशी बोलत बसला, म्हणून अडकला."

स्कॅनर ती घरी घेऊन गेली. चार-आठ दिवसांनी परत आली, नवा ड्रायव्हर टाकला आणि म्हणाली, "एखादा अल्बम उघडा ठेवा अन् जोडा."

मी जीव मुठीत धरून वायर खोचली. पडद्यावर एक ओळ आली: 'हे यंत्र मला ओळखता येत नाही. तुमचं काम चालू ठेवा.' अल्बम जागच्या जागी होता.

"म्हणजे स्कॅनर चालत नाहीच?"

"नाही चालत," ती छाती फुगवून म्हणाली. "माझी माय चुकून दारी आलेल्याला आधी पाणी देते, मग सांगते, भाऊ, ते घर हे नव्हे. पण त्याच्यापायी चुलीवरची भाकर करपू देत नाही."

तो स्कॅनर मी विकला नाही. गिऱ्हाईक आलं की मुद्दाम जोडतो, ती ओळ दाखवतो आणि सांगतो, हे आमच्या समोरच्या पोरीनं लिहिलंय.