चकाकत्या मसुरीचा शोध

माझी फजिती ऐकायची असेल तर आधी चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मला बोलू नका.

मी नगरजवळ एका कडधान्य संशोधन केंद्रात आहे. काम काय, तर मसुरीच्या सालीचा रंग सुधारायचा. हसताय काय? व्यापारी कधी मसूर चाखून बघतो का? पोत्यात हात घालतो आणि रंग बघतो. साल मळकट दिसली की भाव पडला. म्हणून चांगल्या रंगाच्या झाडांचा संकर करायचा, दाणे निवडायचे, परत पेरायचे. कित्येक हंगाम हेच केलं, आणि दरवेळी दाणे मळकट. यंदा काही दिसलं नाही तर तुमचा प्रयोग बंद, असं सरांनी सांगूनच टाकलं होतं.

ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून रविवारी निवडक दाणे सावेडीला घरी आणले. उन्हात नीट बघावे म्हणून गच्चीत ताटं मांडली, आणि सर्दीनं डोकं जड झालं म्हणून जरा आडवा झालो. संध्याकाळी उठून बघतो तर एका ताटातली मसूर आरशासारखी चकाकतेय! बाकीची ताटं आपली नेहमीसारखी.

आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल? मला वाटलं, नशीब उघडलं.

सोमवारी ते ताट सरांपुढे ठेवलं. सगळं केंद्र गोळा झालं. दाणे बोटांतून सुळकन निसटत होते.

"साल फारच गुळगुळीत आहे," सर म्हणाले.

"नवा गुण आहे, सर," मी ठोकून दिलं.

त्यांनी पाण्याचा थेंब टाकला. थेंब घरंगळला.

"पाणीही धरत नाही?"

"म्हणजे ओल लागणार नाही, सर. भुंगाही शिरणार नाही." मला थांबवणारं कोणी नव्हतंच हो तिथं.

सर खूश. प्रयोग चालू राहणार, वर वाणाला नावही मीच सुचवायचं. मी म्हटलं, आईचं देऊ, इंदुमती. आई पारनेरकडच्या आमच्या गावाहून चार दिवस राहायला आली होती. लगेच तिला फोन लावला, तोही स्पीकरवर. अवदसा आठवली, दुसरं काय.

"आई, तुझ्या नावाचं मसुरीचं वाण येतंय. गच्चीतल्या त्या पहिल्या ताटातलं. लई चमकतंय."

"चमकंल न्हाई तर काय? येरंडेल चोळलंय मी त्याला. पावसाळा तोंडावर आलाय, किडं लागत्यात. बाकीची ताटं तशीच राह्यली, बाटलीतलं त्याल संपलं."

सरांनी बोटं हुंगली. मग खिशातून रुमाल काढून एक दाणा पुसला. आत तीच जुनी मळकट साल. सर्दीनं माझं नाक बंद होतं, कानही बंद असते तर बरं झालं असतं.

सर फोनकडे वाकून गंभीरपणे म्हणाले, "मग काय आई, वाणाला तुमचं नाव द्यायचं ना?"

"माझं कशाला, सायेब? त्याल काय, आमच्याकडं समद्याच बाया लावत्यात. त्यात नवं वाण दिसलं ते माझ्या लेकाला. त्याचंच नाव द्या."