कासवाच्या पाठीवर अठ्ठावन्न

माझ्या हातून हे झालं, हे मला अजून पटत नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या. पण केलं मी. पंचवीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसानं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत मी भट्टीवर सुपरवायझर होतो. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून मी सांगायचो, अजून थांबा, किंवा आता ओता. नंतर मीटर लावला की माझा आकडा आणि मीटरचा आकडा शेजारी शेजारी निघायचे. लोक म्हणायचे, "ह्यांच्या डोळ्यातच मीटर हाय." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? रिटायर झालो तरी ती घमेंड काही रिटायर झाली नव्हती.

तर कासव. लेकीनं अकरावीत असताना हट्ट करून आणलं तेव्हा ते तळहातावर मावत होतं. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, ह्याच्यापेक्षा मोठं होत न्हाय बघा." च्यायला त्याच्या! ती निघाली आफ्रिकेतल्या वाळवंटाकडची जात. पाण्यात राहत नाही, गवत खातं आणि वाढतच जातं. आज ते तांदळाच्या पोत्याएवढं आहे आणि उचलायला दोन माणसं लागतात. लेक नोकरीला बेंगळुरूला गेली, कासव आमच्या गळ्यात. वैरण घ्यायला गेलो की नवा विक्रेता हमखास विचारणार, "पावणं, म्हसरं किती हायत?" मी म्हणायचो, "म्हसरं न्हाईत, कासव हाय." मग तो माझ्याकडे असा बघायचा की मी मुकाट पेंडी उचलून निघायचो.

तक्रार करत नाही. लळा लागला होता. लेक रोज सकाळी फोन करते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "खाल्लं का त्यानं?" आई-बापाची चौकशी नंतर. तिनं विश्वासानं ठेवलेली वस्तू आहे, तिला काही होता कामा नये, एवढं मी मनाशी धरलं होतं.

ह्या जातीला थंडी सोसत नाही. लहान होतं तोवर खोक्यात बल्ब लावला की भागायचं. गेल्या हिवाळ्यात मात्र ते कुठल्याच खोक्यात मावेना, म्हणून मी गाडी लावायची खालची खोली त्याला दिली. एका कोपऱ्यात प्लायवूडचा कप्पा केला, आतून थर्माकोल लावला. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात ते दोन मोठे लाल दिवे आणले आणि लोखंडी साखळीनं वरून टांगले. कप्प्याच्या भिंतीवर थर्मामीटर लावला. अठ्ठावीस डिग्री पाहिजे होतं. एवढं तर मी झोपेत करीन, असं मी बायकोला म्हणालो सुद्धा.

थर्मामीटर तेवीसच्या वर सरकेना. खोली उंच, खाली शहाबादी फरशी, डिसेंबरातली सकाळ. मग मी साखळी एक कडी खाली घेतली. चोवीस. दुसऱ्या दिवशी अजून एक कडी. रोज सकाळी चहा घेऊन जायचं, आकडा बघायचा, एक कडी खाली. नवव्या दिवशी अठ्ठावीस! मी फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "पप्पा, नाद खुळा!" तो दिवस मी नुसता हवेत होतो.

कासव दिवसभर दिव्याखाली बसून राहायचं. मी बायकोला म्हणायचो, "बघ, कसं सुखात बसलंय."

ती चंदगडची. तिथली माणसं आडून बोलत नाहीत. "सुखात कुठलं? हलत न्हाय ते. खातबी कमी हाय."

"थंडीत कमीच खातं."

"आणि वास येतोय. नख जळल्यागत."

"प्लायवूडचा असतोय तो. नवीन हाय."

"तुमालाच म्हाईत," म्हणून ती निघून जायची. तीन दिवस तिनं वासाचं सांगितलं. तीन दिवस! आणि तिन्ही दिवस मी भिंतीवरचं अठ्ठावीस दाखवून तिला गप्प केलं.

कप्पा केल्यापासून आतलं मीच लांबून झाडून घ्यायचो; चौथ्या दिवशी सकाळी ती झाडायला आत वाकली. तिची सवय आहे, झाडायच्या आधी त्याच्या पाठीवर एक हात ठेवायची. मी बाहेर चहा पीत होतो. एकदम ओरडली, "अगं आई गं! अवो, भाजलं की!" मला वाटलं दिव्याला हात लागला. पळत गेलो तर ती स्वतःचा हात धरून उभी आणि बोट कासवाकडं. "दिवा न्हवं, ह्याची पाठ! तव्यागत तापलीया!"

मी दिवे बंद केले. कपाटात माझी गन पडली होती, लाल ठिपका मारून लांबूनच तापमान सांगते ती. घरच्या कामाला कशाला काढायची, म्हणून हात लावला नव्हता. ती पाठीवर रोखली. अठ्ठावन्न. मी परत दाबलं. अठ्ठावन्नच. दिवे बंद केल्यावर अठ्ठावन्न! मग खाली, पोट फरशीला टेकतं तिथं रोखली. एकोणीस. भिंतीवर थर्मामीटर शहाण्यासारखा अठ्ठावीस दाखवत होता.

मी तिथंच फरशीवर बसलो. लाल उजेड गेल्यावर पहिल्यांदा त्याची पाठ धड दिसली. कवचाचे मधले दोन तुकडे पांढरट पडून कडेनं उचकटले होते. इतके दिवस त्या लाल उजेडात सगळंच लाल दिसत होतं, आणि मी म्हणे रंग ओळखणारा माणूस.

जनावरांच्या डॉक्टर बाई घरी आल्या. तरुण पोरगी, पण हात सराईत. तिनं कवच निरखलं, कडा हलक्यानं दाबून पाहिली आणि मला विचारलं, "काका, दिवा किती उंचीवर होता?" मी हातानं दाखवलं. वीतभर. तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

मी विचारलं, "वरचं कवचच भाजलंय ना? आत काय झालेलं नसणार."

"काका, कवच म्हणजे हाड आहे. जिवंत हाड. त्यात रक्त असतं, नसा असतात."

मी पंचवीस वर्षं साचे बघितलेला माणूस. कवच म्हणजे वरचा साचा आणि कासव आतला माल, एवढंच माझ्या डोक्यात. माझ्या तोंडातून कसाबसा प्रश्न आला, "म्हणजे त्याला दुखलं असणार?"

"दुखलंच."

"मग ते बाजूला का झालं नाही? कोपरा मोकळा होता की!"

"पोट गार पडलं होतं काका. खालून फरशी ऊब ओढून घेत होती. एवढं मोठं अंग त्या दोन दिव्यांनी कसं तापणार? बाजूला गेलं तर आणखी गार पडलं असतं. मिळत होती ती ऊब तेवढीच, म्हणून ते बसून राहिलं."

आयला! मी त्याला सुखात बसलंय म्हणत होतो. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

डॉक्टरांनी जखम धुऊन मलम लावलं, इंजेक्शन दिलं. हाड कुठपर्यंत मेलंय हे नंतर कळेल, आत जंतू गेले तर वाचायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या सांगण्यावरून मी खोली नव्यानं केली. गोठ्यात म्हशीखाली घालतात ती जाड रबरी मॅट खाली अंथरली, मॅटखाली थर्माकोल. दिवे काढून टाकले. कप्प्याबाहेर तेलाचा हीटर ठेवून सगळी खोलीच तापवली आणि गन खिशात ठेवली. पाठ, पोट, पाय, सगळीकडं आकडा एकसारखा यायला लागला. चुलीत घाला तो आकडा! ते खात कुठं होतं? दहा दिवस त्यानं तुतीच्या पानाला तोंड लावलं नाही.

लेकीला मीच फोन केला. लपवावं असं मनात आलं होतं, ते पण सांगून टाकतो. सगळं सांगितलं, कडीन् कडी. ती म्हणाली, "येते." दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरून ती सरळ खालच्या खोलीत गेली. बॅग खांद्यावर तशीच. त्याच्याजवळ मांडी घालून बसली, जखमेच्या बाजूनं बोटं फिरवली. मी दारात उभा. मला वाटलं, आता आगपाखड करील. मी तयार होतो.

तिनं मान वर करून एवढंच विचारलं, "पप्पा, एकदा तरी हात लावून बघितला होतात?"

नव्हता. दोन आठवड्यांत एकदाही नाही. भट्टीवर पहिल्या दिवशी शिकवतात, तापलेल्या कशालाही हात लावायचा नाही, लांबून बघायचं. माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं की घरातल्या मुक्या जिवालाही मी लांबूनच बघत राहिलो. हे तिला सांगावं असं वाटलं. पण सांगून काय उपयोग होता? मी नाही म्हणालो. ती परत त्याच्याकडे वळली.

अकराव्या दिवशी त्यानं पान खाल्लं. बायको जिन्यातून ओरडत वर आली आणि मी तिच्यासमोर लहान पोरागत रडलो. उन्हाळा संपता संपता मेलेला तुकडा गळून पडला, भाकरीएवढा. खाली नवं, फिकट हाड धरलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, वाचलं.

आता रोज सकाळी मी आधी त्याच्या पाठीवर हात ठेवतो, गन नंतर. बायकोचा हात लागला की ते चरतच राहतं. माझा लागला की फुस्स करून डोकं आत ओढून घेतं. रोज. एक दिवस चुकवत नाही.

हे मी लेकीला सांगितलेलं नाही. परवा तिनं विचारलं, "पप्पा, ते तुम्हाला ओळखतं का हो आता?"

मी म्हणालो, "ओळखतं की."