जीवाश्म नाही

हे मी घरी बोललेले नाही. कॉलेजात तर नाहीच नाही. नवऱ्याला एवढंच ठाऊक आहे की माझ्या कपाटात पॉलिश केलेला एक दगड आहे आणि तो कोणी हलवलेला मला चालत नाही. का चालत नाही, ते त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही – बस, एवढंच.

पण आधी माझं डोकं कशाने फिरतं ते ऐका. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली तशी जयपूरला आले आणि इथेच एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागले. कॉलेजात एक खोलीभर संग्रहालय आहे. दर रविवारी सकाळी दोन तास मी तिथे बसते आणि लोकांनी आणलेले दगड पाहून ते काय आहेत ते सांगते. ही कल्पना माझीच. हौसेनं घेतलेलं लोढणं, दुसरं काय?

लोक काय काय आणतात? मालवीय नगरातल्या एक बाई जैसलमेरहून घेतलेली दगडी वाटी आणतात आणि तिच्यातले शंख खरे की रंगवलेले, असं विचारतात. कोणी दगडाला तेल चोपडून आणतं. कोणी चिंचेनं घासून आणतं, मतलब जे काही दिसण्यासारखं असतं ते घरीच संपवून येतं. आणि कुठे सापडला असं विचारलं की उत्तर ठरलेलं – इधर ही कहीं, मॅडम. अरे, इधर म्हणजे कुठे? दगड कुठे सापडला हे कळलं नाही तर त्याचं मी काय करू, लोणचं घालू? त्यातून जयपूरच्या आसपासचे डोंगर इतके जुने आहेत, शिंपले जन्मायच्याही आधीचे, की त्यांत शिंपला सापडणं मुश्कील. शिंपले हवेत तर पार जैसलमेरकडे जावं लागतं, तिथे एके काळी समुद्र होता. हे मी किती वेळा सांगितलं असेल?

तर असा एक रविवार होता, सात वर्षांपूर्वीचा. जयपूरजवळच्या बस्सी गावचे एक गृहस्थ डायनासोरचं अंडं घेऊन आले होते. साधा गोल दगड. पाऊण तास त्यांनी माझ्याशी वाद घातला आणि शेवटी माझा तोल गेला. मी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं की, भैया, ज्यातलं आपल्याला कळत नाही तिथे सरळ 'मुझे नहीं पता' म्हणायला शिका, त्यात कमीपणा नसतो. तरी ते उठले नाहीत. भिंतीलगतच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसून राहिले.

त्यांच्यानंतर वानखेडे आले. अकोल्याकडचे, रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. आधी जैसलमेरच्या बाजूला नेमणूक होती, तिथे लाइनीच्या कडेनं रोज पायी फिरताना दगड गोळा करायचा नाद लागला. मराठी मॅडम आहेत असं कळलं म्हणून आले होते. टॉवेलात गुंडाळलेला तळहाताएवढा दगड त्यांनी टेबलावर ठेवला आणि शेजारी एक चिठ्ठी. चिठ्ठीत कोणत्या किलोमीटरच्या पाटीपासून किती पावलं, रुळाच्या कोणत्या बाजूला, जमिनीपासून किती उंचीवर, सगळं होतं. माझ्या एमएस्सीच्या मुलांनी कधी इतकं नीट लिहिलेलं मला आठवत नाही.

दगडावर राजम्याएवढे काळपट चकचकीत खडे होते. ओळीत. एका ओळीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी.

"मॅडम, मले तं हे दात वाटून राह्यले," ते म्हणाले. "खडे असे लायनीत कसे बसतीन?"

प्रश्न बरोबर होता. मला त्याचं उत्तर येत नव्हतं. माझा अभ्यास शंखशिंपल्यांचा, माशांचं मला काही कळत नाही – आणि तसं काही मी कधी हातातही धरलं नव्हतं. ठेवून जा, विचारून सांगते, एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं ते. पण बस्सीवाले माझ्याकडे बघत होते. जे म्हणायला शिका असं मी त्यांना सुनावलं होतं, तेच दहा मिनिटांत त्यांच्यासमोर मला म्हणावं लागणार होतं.

मी म्हणाले, हे नदीतले खडे आहेत, गाळात चिकटून दगड झालेत. ओळी हा योगायोग. दात वगैरे काही नाही.

चूक नव्हती ती, समजून घ्या. मला खरंच तसं वाटत असतं, तर तिला चूक म्हणता आलं असतं. खडे ओळीत बसत नाहीत हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. तरीही मी बोलले, चांगल्या ठाम आवाजात बोलले, आणि वर सल्ला दिला की जयपुरात आहात, कापून पॉलिश करून घ्या, छान दिसेल. मग नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं – जीवाश्म नाही.

"तुम्ही म्हणता तं तसंच असन," वानखेडे म्हणाले. त्यांनी टॉवेलाची घडी घातली. चिठ्ठी टेबलावरच राहिली.

दोनेक महिन्यांनी ते पुन्हा आले, पेढे घेऊन. त्यांची बदली झाली होती. इथल्याच मानसरोवर भागातल्या एका कारागिराकडून त्यांनी दगड मधोमध कापून घेतला होता. एक अर्धा त्यांना, एक मला आठवण म्हणून. बाकीचे दगड, दोन डबे भरून, क्वार्टरमागच्या खड्ड्यात भरावाला टाकले असंही त्यांनी सांगितलं. उगाच फसत होतो, म्हणाले, तुम्ही डोळे उघडले.

मी अर्धा दगड हातात घेतला आणि कापलेली बाजू वर केली. खडा आतबाहेर सारखा असतो. हे तसे नव्हते. प्रत्येकावर पातळ चकाकतं टोपण, आणि खाली भोकाभोकांचं जाळं, हाडाला असतं तसं. दात. एखाद्या माशाचे, शंख फोडून खाणाऱ्या, आणि जबड्यात होते तसेच्या तसे. असे सुटे दात मिळतात, पण सगळी ओळ जागच्या जागी मिळणं फार दुर्मीळ. मासा कोणता ते दाताच्या माथ्यावरच्या बारीक रेघांवरून ओळखतात. त्या रेघा पॉलिशमध्ये गेल्या होत्या. करवतीखाली आलेल्या दातांची तर भुकटी झाली होती.

वानखेडे समोर उभे होते. तेव्हा तरी सांगायचं होतं की नाही? दुसरा अर्धा त्यांच्या पिशवीत होता, खड्ड्यातले दगड उकरून काढता आले असते. मी म्हणाले, छान झालंय. आणि पेढा खाल्ला.

चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. अर्धा दगड आहे, जागेचा पत्ता आहे, माशांचे जाणकार कोण तेही आता मला माहीत आहे. वानखेड्यांचं नाव घालून आजही पाठवता येईल. गेली सात वर्षं पाठवता येत होतं. पण पाठवलं की कोणीतरी विचारणार, याला कापा म्हणून कोणी सांगितलं? नोंदवहीत अक्षर माझं आहे. म्हणून मी पाठवत नाही. याला भ्याडपणा म्हणतात, दुसरा शब्द मी शोधलेला नाही.

या आठवड्यात त्यांचा फोन आला. निवृत्त होऊन ते गावी गेलेत. तिथल्या शाळेत दर शनिवारी मुलांना दगडमाती दाखवतात, कोणी सांगितलेलं नाही, आपल्या हौसेनं. आवाजात आनंद होता.

"पोरायले मी माहीच गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "मले खड्यायत दात दिसले होते. मॅडमनं सुधरवलं. आपल्याले दिसते ते सारंच खरं नसते. पोट्टे लय हासतात. बराबर सांगतो ना मी, मॅडम?"

मी म्हणाले, हो, बरोबर. आणि त्यांच्याबरोबर हसले.

उद्या शनिवार आहे. उद्याही ते मुलांना हेच सांगतील.