फुल बाहीची जर्सी

चूक माझ्या तोंडाची. तीही तोंडात टाचण्या धरून केलेली.

चामोर्शीत माझं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर मशीन, आणि धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या की तिथं भरणाऱ्या फुटबॉल स्पर्धांत शिट्टी. रेफ्रीच्या शिबिरात तीन दिवस बसून आलेला आमच्या भागात मी एकटाच, म्हणून थोडी ऐट होती. थोडी कशाला, भरपूर होती.

एका बाजाराच्या दिवशी जंगलाकडच्या एका गावच्या टीमचा कप्तान जर्सीचं माप द्यायला आला. उंच, शांत, बॅकला खेळणारा गडी. मी छातीवर टेप धरला तसं त्यानं विचारलं, "मास्टर, हँडबॉलचं नेमकं काय हाये? कधी तुमी शिट्टी मारता, कधी नाई मारत."

खरं उत्तर लांबलचक आहे. हात मुद्दाम बॉलकडे नेला का, अंग मोठं करायला पसरला का, आणि मुळात हात सुरू कुठून होतो? तर काखेच्या रेषेपासून खाली. त्याच्या वर खांदा, तो चालतो. पण तोंडात टाचण्या होत्या ना! मी उरकून टाकलं, "बाहीवर लागला त हात नाई. बाहीच्या खाली लागला त हात."

त्यानं अंगातल्या शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून पाहिली. मग म्हणाला, "मंग आमाले फुल बाहीच करून द्या."

थंडीचे दिवस होते. मला वाटलं, तिकडे गारठा जास्त. सगळ्या जर्सींना मनगटापर्यंत बाह्या लावल्या, वर हौसेनं कफही दिले. बावळटच मी!

फायनलला कोण, तर हे गाव आणि आमचा मोहल्ला. आमच्या मोहल्ल्यानं आजवर कप पाहिला नव्हता, आणि बॅकला माझा साळा, बायकोचा एकुलता एक भाऊ, तिला आपा म्हणणारा. निघताना बायकोनं बजावलं, "शिट्टी जरा बघून वाजवा." कप आमच्याकडेच यावा असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

खेळ सुरू झाला तसे गावचे गडी हात पसरून उभे, धानावरची पाखरं हाकलावी तसे. थोड्याच वेळात आमचा बॉल त्यांच्या गोलासमोर आला, तोच कप्तानानं तो सरळ मनगटानं अडवला आणि निवांत माझ्याकडे पाहिलं. मी पेनल्टी दिली.

"काऊन?" तो म्हणाला. "बाहीवर लागला."

"भाऊ, हात हाये तो!"

"मास्टर, शब्द तुमचा, बाही तुमीच शिवलेली. मंग आता हात कसा काय झाला?"

मैदान हसून लोळलं. तेवढ्यात बांधावरून कोणीतरी ओरडलं, "घरचाच रेफ्री हाये! बाह्या शिवून फसवलं आपल्याले!" हे मात्र झोंबलं. शिलाई उसवली म्हणा, ऐकून घेईन. बेइमान म्हणायचं नाही. मी हात वर केला आणि सगळ्यांसमोर काखेत बोट ठेवलं. "आयका! बाही किती का लंबी असंना, हात इथून सुरू होते. दुकानात मी अर्धवट सांगितलं, चूक माझी. पण पेनल्टी त पेनल्टीच." आमच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. गोल झाला. साळ्यानं मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

दुसऱ्या हाफमध्ये गावानं गोल फेडला. शेवटची दोन-चार मिनिटं उरली असतील. गावचा शॉट आला, साळा कोपर बाहेर काढून आडवा गेला आणि बॉल त्याच्या दंडावर बसला, कोपराच्या चार बोटं वर. आमच्या टीमला फॅशन म्हणून हाफ बाही ढिली, कोपरापर्यंत शिवून दिलेली. त्यामुळे बॉल लागला तो बाहीवरच.

"बाहीवर, दुल्हाभाई, बाहीवर!" साळा ओरडला.

कप्तानानं फक्त हात वर केला आणि काखेत बोट ठेवलं. मग त्याच्या टीमनं. मग बांधावर बसलेल्या अख्ख्या गावानं, बायांसकट. जिकडे पाहावं तिकडे काखाच काखा! आग लागो त्या शिबिराला, असं वाटलं. मी शिट्टी वाजवली.

कप गावाला गेला. जाताना कप्तान म्हणाला, "मास्टर, पुढच्या सालीबी जर्सी तुमच्याकडूनच. बाही फुलच ठेवा, थंडी लागते."

घरी बायको जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. साळ्यानं तर दुकानाच्या गल्लीनं जाणंच सोडलं. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून आणखी राग यायचा. नियमानं वागल्यावर घरात असं एकटं बसावं लागतं, हे शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

महिनाभरानं, बाजाराच्याच दिवशी, साळा आला. जर्सी मशीनवर टाकली. "बाही कापून द्या."

"किती?"

त्यानं हात वर केला, काखेत बोट ठेवलं. "इथपासून पूरी." मी कात्री उचलली. खाली बघत तो म्हणाला, "लागला होता, दुल्हाभाई. हात मीच बाहेर काढला होता. आपालेबी आत्ताच घरी सांगून आलो."

मी कात्री खाली ठेवून खेकसलो, "मंग त्याच दिवशी काऊन नाई बोलला, लेका?"

"मी काऊन बोलू? शिट्टी तुमच्या तोंडात होती."

मी टाचण्या तोंडात धरल्या आणि काखेच्या रेषेवरून कात्री चालवली.