बिनपट्ट्याच्या बाईची दाढ

वाघोलीत कंपन्यांची पोरं राहायला आली, तसा शकूच्या भाकरीला भाव आला. मेसमधे ती हातानं भाकरी थापायची आणि तोंडानं समोरच्याला सोलायची. नवरा ट्रकवर होता. जाताना एचआयव्ही तेवढा मागं ठेवून गेला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांवर बाई ठणठणीत होती. गावात कुणाला पत्ता नव्हता.

मग दाढ किडली. गाल टम्म सुजला, घास गिळवंना. गोळ्या देणाऱ्या बाईनं बजावलं होतं, डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. ते ध्यानात ठेवून शकू जवळच्या पृथ्वीराजकडं गेली. गावातल्याच गेनबाचा हा नातू. बापानं रस्त्याकडची जमीन बिल्डरच्या घशात घातली आणि त्या पैशावर पोराला दातांचा डॉक्टर करून आणला. काचेचा दवाखाना, आत गारवा, दारावर पाटी : 'सर्व पेशंटची एचआयव्ही तपासणी सक्तीची'. सर्व म्हणजे लुगडी आणि धोतरं. गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा असला की तो माणूस थेट खुर्चीत.

शकूला बघताच ह्यानं रक्ताची चिठ्ठी लिहायला घेतली. ती वाकून हळूच म्हणाली, "पृथ्वी, तपासायचं कशाला? मला हाय ते. गोळ्या चालू हायत."

गडी खुर्चीसकट मागं सरकला. भिंत आली म्हणून थांबला.

"काकू, आधी रिपोर्ट आणा. निगेटिव्ह आला तरच हात लावीन."

"आरं, हाय म्हणून मीच सांगतीया न्हवं! निगेटिव्ह कुठनं आणू? तुझ्या आज्याकडनं?"

"टेबलाला हात लावू नका!"

"तुझ्या साखरपुड्याच्या पोळ्या ह्याच हातानं लाटल्या. बारा खाल्ल्यास. मेलास का?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं!"

"मग पोळीला तरी कुठं माहीत हुतं?"

त्यानं दार उघडून बोट दाखवलं. शकू पदरात गाल धरून उठली. बाहेर गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेला एक पोरगा बसला होता. "या सर," म्हणत पृथ्वीराजनं त्याला आत घेतलं. हातमोजे आधीच्या पेशंटच्या तोंडात घातलेले, तेच.

दुसऱ्या दिवशी शकू दोन बस बदलून बिबवेवाडीला गेली. तिथं डॉक्टरीण होती. येईल त्याच्यासाठी नवे हातमोजे घालायची, निर्जंतुक केलेली हत्यारं बंद पाकिटातनं काढायची. तिनं विचारलं, "शुगर, बीपी, दुसरा काही आजार? असेल तर सांगा, घाबरू नका."

शकूनं तिच्या डोळ्यांत बघितलं. "काय बी नाय."

दाढ निघाली. शकूनं बेसिनमधे रक्त थुंकलं, नळ सोडला आणि ते पांढरं बेसिन हातानं घासू लागली.

"अहो, राहू द्या. आमची मावशी धुईल."

शकूच्या तोंडात कापूस होता. तिनं नुसती मान हलवली आणि घासतच राहिली.